अंधार करा जरा

बंद पडते ती शिवाजी पुलावरच,
बरोबर मधोमध.
थंड असताना एका किकला चालू,
तापली की दोनदा ठसकते
आणि गप्प.
खाली पंचगंगा, मागं उसाचा ट्रॅक्टर,
आणि त्याचा हॉर्न असा, जणू मीच नदी अडवलीय.

त्र्याऐंशी सालची येझदी.
एका रिटायर वायरमनकडनं घेतली, नऊ हजारांना.
तेवढ्यात पिको-फॉलचं मशीन आलं असतं,
म्हणून आई त्या दिवसापासनं बोलत नाही.
ताट वाढते, बोलत नाही.
मी ब्लाउज शिवतो.
हो, शिवतो. आमच्याकडं पोरी आलो-गेलोच म्हणतात.
पुण्याची वहिनी हसते. हसू दे.

प्लग काढला, एकवीसच्या पान्यानं.
तोंड काळं, ओलं.
पेट्रोलात ऑइल जास्त पडलं असणार.
वायर ब्रशनं घासला, फुंकर मारली,
मापाची पट्टी नव्हती, तर गॅपमध्ये
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा तुकडा सरकवला.
किंचित अडकत गेला. तेवढंच पाहिजे.
हेडला टेकवून किक मारली:
ठिणगी होती,
पण पिवळट, मरतुकडी,
उपासाच्या दिवशी हसावं तशी.

लक्ष्मीपुरीतनं नवा प्लग आणला.
पॉइंट पॉलिश पेपरनं घासले.
कंडेन्सर बदलला.
प्रत्येक वेळी वाटलं, सापडलं.
प्रत्येक वेळी पूल.

सुई बदलूनही धागा तुटतो
तेव्हा मला कळतं, दोष खाली आहे,
बॉबिन केसमध्ये.
पण गाडीची बॉबिन कुठं असते?

उद्यमनगरात इलाही मिस्त्री.
फाउंड्रीच्या भिंतीला भिंत लावून दुकान,
कान निम्मे गेलेले.
सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरतात
नाडी बघितल्यासारखा, डोळे मिटून.
प्लग काढून माझ्या नाकासमोर धरला:
“ह्यो गुळाच्या रंगाचा पाहिजे, ताई.
काळा म्हंजे अजीर्ण.
पांढराफेक म्हंजे उपाशी.
तुमचा आता झ्याक गूळ हाय.
म्हंजे दुखणं ह्याचं न्हाईच.”
मग बराच वेळ काही नाही.
मग, “रात्री या. नवानंतर.”

गेलो.
भट्ट्या निवलेल्या, शेवटचं लेथही बंद.
“ओम्या, शटर वड. लाइट घालव.
अंधार करा जरा.
ताई, तो मोबाइल बी.”

एवढा अंधार कितीतरी दिवसांनी बघितला.
गाडी चालू केली, तापू दिली.
धुरानं डोळे चुरचुरले.
ओम्या खोकला, त्याला मिस्त्रींनी चिमटा काढला.
आणि टाकीखाली,
जिथं प्लगची वायर फ्रेमला घासून जाते,
एक निळी ठिणगी
वायर सोडून लोखंडात उडी मारून गेली.
मग दुसरी.
मग थांबेचनात,
टाचणीएवढ्या भोकातनं
टिपेवर टीप, टिपेवर टीप.

“बघा. करंट हाय. व्हताच.
वाटंतच सांडतोय.”

बारा दिवस मी शोधत होतो,
आणि टॉर्च लावून!

वायर एकशे वीस रुपये.
मजुरी घेईनात.
नातीच्या दप्तराची चेन बसवून द्या, म्हणाले,
आणि दप्तर हातात दिलं, आत अर्धा खोडरबर तसाच.

पुलाच्या मधोमध आलो तेव्हा
उजवा पाय आपोआप किककडं गेला.
गाडी चालतच राहिली.
पायालाच जरा ओशाळल्यासारखं झालं.

वडणग्यात आमच्या गल्लीला लाइट नव्हती.
आई उंबऱ्यात बसलेली,
तोंड दिसत नव्हतं.
“आज ढकलत न्हाई आणलीस,” म्हणाली.

इंजिन बंद केलं.
आलो, म्हटलं.