रिकाम्या घराची पाळी

माझं काम तसं सोपं.
माणसं मारायची
आणि ती नीट मरतात का ते बघायचं.

वूच शहर, जुन्या कापडगिरणीचा तिसरा मजला.
मागांच्या जागी मॉनिटर आले,
जमिनीत बोल्टांची भोकं तशीच,
माझ्या खुर्चीचं चाक रोज त्यातल्या एकात अडकतं.
नोव्हेंबर. चार वाजताच बाहेर काळोख.

युद्ध आमचंच, घरी बनवलेलं.
नकाशावर नसलेली नदी, तिच्यावर नसलेला पूल,
आठ जणांची तुकडी, प्रत्येकाला पाळीत दोन चाली:
सरक आणि झाड,
किंवा सरक आणि दबा धर,
किंवा दोन्ही खर्चून नुसता पळ काढ.
कुणी पडला तर तीन पाळ्यांत त्याच्यापाशी पोचायचं.
नाही पोचलात, तर गेला तो गेला.
टीमॉन म्हणतो, त्याशिवाय भीती कशी वाटणार?
नियम त्याचेच आहेत.

झेनॉनला मी दोनशे चौदा वेळा मारलंय.
पुलावर, पुलाखाली, बर्फात,
एकदा आमच्याच तोफेनं; ती चूक होती, दुरुस्त झाली.
कॉर्पोरल, वय एकोणीस, डाव्या कानानं कमी ऐकतो,
म्हणून डावीकडून आलेला शत्रू
त्याला एक घर उशिरा कळतो.
एक घर पुरतं.

मंगळवारी तो पुन्हा मेला,
नासपतीखालच्या घरात, नियमाप्रमाणे.
यादीत नाव करडं झालं, तिसऱ्या पाळीला देह नाहीसा,
तेही नियमाप्रमाणे.
आणि मग त्याची पाळी आली.

कॅमेरा वळला,
पूल ओलांडून, जखमी मार्टाच्या डोक्यावरून
हळू उतरला नासपतीखाली
आणि थांबला.
रिकामं घर. गवत.
गवतातला वारा आम्ही मागच्याच महिन्यात बसवला होता.
खाली अक्षरं: चाल सांगा.

काय सांगणार?
सरक म्हटलं, काही सरकलं नाही.
झाड म्हटलं. झाड होतंच, नासपतीचं;
गोळी सुटली नाही, चाल मात्र खर्ची पडली.
पलीकडे शत्रू ताटकळत,
आमची पाळी संपल्याशिवाय त्यांची येत नाही.
अख्खं युद्ध
तिथे नसलेल्या एकासाठी खोळंबलं.

मी नोंद लिहिली:
मेलेल्या सैनिकाची पाळी येते.
पुन्हा घडतं का: दहापैकी दहा वेळा.
गांभीर्य: कमी.
लिहिली, आणि पाठवली नाही.

आमच्याकडे नाताळच्या आदल्या रात्री
एक ताट जास्तीचं मांडतात,
वाट चुकलेल्या कुणासाठी, म्हणे.
आमच्या घराची वाट कुणी कधी चुकला नाही.
जेवणं झाली की बाबा आधी ते ताट पुसायचे,
आमची खरकटी तशीच पडलेली.
न वापरलेलं का पुसता, मी विचारलं एकदा.
म्हणाले, धूळ बसते.

दोन दिवस मी रोज झेनॉनला मारलं
आणि नासपतीखाली जाऊन थांबले.

गुरुवारी टीमॉननं विचारलं, काही सापडलं?
पाठवली मग.
अकरा मिनिटांत त्यानं दुरुस्त केलं.
एक ओळ होती, म्हणाला,
मेलेल्यांना रांगेतून काढायचं राहून गेलं होतं.
राहून जातं, मी म्हटलं.

शुक्रवार, नवी आवृत्ती.
झेनॉन मेला. कॅमेरा मार्टावरून
थेट पुढच्यावर, अडखळलाही नाही.
चूक मिटली, असा शेरा मारला.

मग मार्टाची पाळी आली तेव्हा
एक चाल खर्चून तिला नासपतीखाली नेलं.
उघड्यावर, शत्रूच्या टप्प्यात;
डाव म्हणून पाहिलं तर शुद्ध मूर्खपणा.
दुसरी चाल शिल्लक होती.
उठून कॉफी आणावी म्हणून खुर्ची मागे सरकवली,
चाक अडकलं,
बसून राहिले.