शेंड्यांपासून

चॅपलटाउन रोडच्या वरच्या टोकाला, बंद पडलेल्या लॉन्ड्रीशेजारी
आमचं केअर होम. पंचवीस खोल्या, दोन लिफ्ट, त्यातली एक बिघडलेली.
सोळा नंबरमध्ये मिस डल्सी.
फाइलमध्ये लिहिलंय: जन्म नेविस बेटावर, शुगर आहे,
मासे आवडतात, मुलीचं नाव विसरतात.
केसांबद्दल एक अक्षर नाही.

बेथनी वाईट नाही. तिला कुणी शिकवलं नाही, एवढंच.
कोरड्या केसांवर ती बारीक ब्रश फिरवायची
वरून खाली, घाईघाईत,
आणि मिस डल्सी खुर्चीचा हात घट्ट धरून
घड्याळाकडे बघत राहायच्या.
ब्रशात आलेला करडा पुंजका
ती रोज डब्यात टाकायची.
"गळतातच गं या वयात."

मी एकदा तो पुंजका खिडकीशी धरून पाहिला.
गळालेल्या केसाला मुळाशी पांढरा ठिपका असतो.
यांना नव्हता.
गळत नव्हते. तुटत होते.

गुरुवारी मी ड्यूटी बदलून घेतली.
घरून नेलं: रुंद दातांचा कंगवा, चार चिमटे,
दाट कंडिशनर, एरंडेलाची बाटली,
आणि माझ्या नवऱ्याचा विटका सुती टी-शर्ट,
कारण टॉवेलचे धागे केसांत अडकतात.
लीड्सचं पाणी मुळात मऊ. ते कोमट केलं.
डोक्याचे चार वाफे पाडले.
एकात हात असताना
उरलेल्या तिघांनी गप्प बसायचं.

लोक म्हणतात, गुंता मुळापासून सोडवावा.
इथे उलटं.
आधी शेंड्याचं एक बोट,
मग त्याच्या वरचं एक बोट,
मुळाशी सगळ्यात शेवटी जायचं,
दार वाजवून गेल्यासारखं.

दोन तास लागले. मॅनेजर दोनदा डोकावून गेली.
ओली बट हलकेच ताणली तर खांद्याखाली उतरली,
सोडली तर कानापाशी परत, गुंडाळून.
"यांचे वाढतच नाहीत," बेथनी म्हणायची.
वाढतात गं.
सांगत सुटत नाहीत, इतकंच.

माझ्या डोक्यावर तेव्हा विग होता.
सरळ, खांद्यापर्यंत, ऐंशी पौंडांचा.
सरळ वाग, आई म्हणायची, सरळ बोल, सरळ बस,
आणि मी अकरा वर्षांची असताना एका रविवारी
डबीतलं पांढरं क्रीम माझ्या भांगाभांगातून चोपडलं.
टाळू पेटली तेव्हा म्हणाली,
अजून पाच मिनिटं.

मिस डल्सींनी वळून हात वर केला,
विग उचलला, आणि मांडीवर ठेवला
मांजर घ्यावं तसा.
कपाळाच्या कडेशी, जिथे क्रीमनं आणि घट्ट वेण्यांनी
केसांची हद्द दोन बोटं मागे सरकलीय,
तिथे त्यांचं बोट थांबलं.
आज वार कोणता, हे त्यांना सांगता येत नाही.
म्हणाल्या, "खाली बस."

मी बसले. लिनोलियम गार होतं.
त्यांच्या बोटांना एरंडेल लागलेलं, बोटं थरथरत होती,
पण कुठे आवळायचं आणि कुठे मोकळं सोडायचं
हे त्यांना विचारावं लागलं नाही.
"ओढलं तर सांग हं."
चव्वेचाळीस वर्षांत
हे मला कुणी म्हटलं नव्हतं.

अर्धी वेणी झाली, आणि त्या थांबल्या.
"तू कुणाची गं?"
मी माझं नाव सांगितलं. जॅनील.
त्यांनी मान हलवली,
मग मांडीवरच्या मांजराला थोपटत झोपी गेल्या.

रात्री फाइलमध्ये नवी ओळ घातली:
केस – दर गुरुवारी. ओले असतानाच. शेंड्यांपासून,
एकेक बोट वर. सॅटिनची उशी मागवावी.

खाली बेथनीनं पेन्सिलीनं विचारलंय:
बोट म्हणजे कुणाचं? माझं की त्यांचं?