मॅचिंग

मंगळबाजारात तीस वर्षं
मी अस्तरांचे लाल निवडले,
म्हणून वरच्या मजल्यावरचा अद्वैत गुप्ते
बरणी घेऊन दुकानात आला:
काकू, यातल्या एकसारख्या कुठल्या?

नखाएवढ्या कोळंब्या.
सवयीने मी बरणी दारात नेली.
ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतात.

ही चेरी, तो म्हणाला, पाठ अर्धी आरपार.
एका धुण्यात गेलेला गाजरी, मी म्हटलं.
ही फायर रेड.
डाळिंबी. बघ, पायांपर्यंत उतरलाय,
हलक्या मालात कडेलाच सुटतो.
काळ्या वाळूवर अजून गडद होतात, तो म्हणाला.
मला ठाऊक होतं. आमचा गल्ला
काळ्या फळीचा आहे तो उगीच नाही.

निळ्या, पिवळ्या त्याच्या वेगळ्या टाक्यांत.
एकत्र सोडल्या तर पुढची पोरं मातकट निघतात.

तळाशी एक होती,
काचेची, पाठीवर चहाचा डाग सांडल्यागत.
हिचं नाव?
नाव नाही, जंगली. काढून टाकायची आहे.

तिच्या पोटाखाली अंडी होती,
इवल्या पायांनी ती त्यांना वारा घालत होती.

एवढ्यात गिऱ्हाईक आलं, हातात जांभळी साडी:
आनी साथे शुं चालशे?
मी स्किन कलरचा ताका ओढला.
कुठल्याही साडीखाली तोच जातो,
सगळ्यात आधी तोच संपतो.

मीटर मापताना अद्वैतला म्हटलं,
ती राहू दे इथे.
लोणच्याची बरणी धुऊन ठेवलीय.