कुत्रं धरा

साडेसहाला उठायचं, हा नियम.
खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं बर्फ.
ब्रॉकबँक तो बँकेच्या कार्डानं खरवडतो,
"नाहीतरी यात पैसे कुठायत," म्हणतो. रोज.
मी रोज हसतो. नियमात नाही, तरी.

छातीवर काळी पट्टी: एल्डर वाइपुलू.
एल्डर म्हणजे ज्येष्ठ, वडीलधारा.
वय एकोणीस.
आठवड्यातून एकदा पुरेल एवढीच दाढी,
ती रोज करतो.

एर्देनेतला आलो त्याला पाच महिने झाले.
इथं पहिलं शिकलो ते वाक्य देवाचं नव्हतं.
"नोखोई खोर!" म्हणजे कुत्रं धरा!
फळ्यांच्या कुंपणाबाहेर उभं राहून
हाक मारण्याआधी हे ओरडायचं असतं,
आत कुत्रं असो वा नसो.
हातात यादी: इंग्रजीच्या वर्गाला एकदा आलेले,
मग न आलेले.
कुणी बाहेर येतं. बहुतेक येत नाही.
वीस कुंपणं, वीस वेळा कुत्रं धरा,
आणि रात्री वहीत: भेटी, दोन.

इथल्या भाषेत पाणी आणि केस
ओठांच्या जराशा चंबूनं वेगळे होतात.
हे कळायच्या आत मी भर सभेत
केसांनी बाप्तिस्मा घ्या म्हणून कळकळीनं सांगून बसलो.
पुढच्या रांगेतल्या टकल्या दाम्बानं हात वर केला,
"मग माझं कसं?"

त्सेवेलमा मात्र आत बोलावते.
तांब्याच्या खाणीत सत्तावीस वर्षं क्रेन चालवली तिनं,
आवाज अजून यंत्राच्या वरचा.
पहिल्याच दिवशी सांगून मोकळी झाली:
"माझे देव तिथं, कपाटावर. त्यांचं-माझं बरं चाललंय.
तुम्ही पाणी आणून देता का?"
तर आम्ही पाणी आणून देतो.
दर गुरुवारी. चाळीस लिटरचं पिंप, दोन चाकांचा गाडा,
निसरडा चढ,
मी पुढून ओढतो, टाय खांद्यावरून मागं टाकून,
मागून ब्रॉकबँक, आणि त्याची शिंक.
हिंदकळलेलं पाणी हातमोज्यावर सांडतं
आणि मोज्याचं लाकूड होतं.

चहा आम्हाला वर्ज्य. म्हणून ती नुसतं दूध उकळते.
मीठ मात्र घालतेच.
पहिल्या घोटाला मला घर आठवलं,
पोहताना नाकातोंडात जायचं ते घर.
"तुझ्या गावाला काय आहे?" तिनं विचारलं.
"समुद्र."
"कसा असतो?"
पश्चात्ताप येतो मला तिच्या भाषेत, आज्ञा येतात, तारण येतं.
लाट कुठं येते?
मग तळहात पालथा धरला, चुलीच्या उजेडात हलवत नेला,
वर, खाली, वर, पार दारापर्यंत.
ती बघत राहिली.
"अस्सं," म्हणाली. "गवत."

सोमवारी कपडे धुणं, आणि घरी फोन.
आईच्या मागं सालीचं कापड कुटल्याचा आवाज,
ठक ठक, वावाऊची दुपार.
"किती जणांना आणलंस रे?"
"पिंपं," मी म्हणालो. "सतरा."
ठक ठक थांबलं.
मला वाटलं, लाईन गेली.
"मोजे घालतोस ना?" आई म्हणाली.

काल गुरुवार. फाटक उघडंच.
तिचं अस्वलाएवढं कुत्रं बर्फात पसरलेलं,
त्यानं एक डोळा उघडला, मला पाहिलं, मिटला.
तरी सवयीनं मी ओरडलो,
नोखोई खोर!
आतून तोच क्रेनवरचा आवाज:
"तूच धर!"

ब्रॉकबँक गाडा घेऊन फाटकाबाहेरच थांबला.
त्याच्यावर ते अजून भुंकतं.