यादीत एक कमी

आज गाडी चालवायची नाही.
एवढंच ठरलेलं.
तेरा दिवसांची घरघर अंगातून उतरत नाही अजून;
तंबूत आडवी झाले तरी
उजवा पाय ब्रेक शोधतो.

डेनझिल पहाटेच इंजिनाखाली शिरला.
सुट्टी आहे ना रे आज? तर म्हणाला,
मला आहे. हिला नाही.

ही म्हणजे आमची रुग्णवाहिका,
एकोणीस वर्षं कॉर्नवॉलच्या गल्ल्यांत धावून
निवृत्त झालेली, माझ्यासारखीच,
आणि माझ्यासारखीच चढावर धापा टाकणारी.
बांजूलच्या दवाखान्यात न्यायची,
किल्ली टेबलावर ठेवायची, विमानानं परत.
यासाठी गावानं केक विकले, दाढ्या उतरवल्या,
चर्चच्या सभागृहात रात्रभर
जागच्या जागी सायकली मारल्या.

समुद्र आमच्याकडचाच, तोच अटलांटिक.
फक्त इथं त्याच्या काठाशी वाळवंट संपतं,
भाकरी मोडावी तसं, कड्यावरून सरळ.
दोरीवर मोजे वाळताहेत. एकाला चिमटा नव्हता,
तो बहुतेक मॉरिटानियात पोचला असेल
आमच्या आधी.

दुपारी कड्यावरच्या पत्र्याच्या खोल्यांतून सलका आली,
मेलहफ्याचं टोक दातात, मुलाचा दंड मुठीत.
सीदाती. नऊ-दहा वर्षांचा. तळहातात गळ.
मासा मिळेना म्हणून गळानं यालाच धरलं,
असं काहीतरी ती म्हणाली आणि हसली,
आणि आईवर रागावण्याच्या नादात
तो रडायचा थांबला.

बत्तीस वर्षं हेच केलंय मी.
पण औषधांच्या पेट्या सीलबंद,
मोजून, यादी करून, तीन शिक्के मारून: बांजूलसाठी.
आमची स्वतःची पेटी दुसऱ्या गाडीत,
आणि ती गाडी गेलेली डिझेल आणायला.
डेनझिल माझ्याकडे बघत राहिला.
मी चाकू घेतला, चिकटपट्टी कापली.

पोरानं डोळे मिटले नाहीत.
माझ्या बोटांकडे बघत होता,
पुढच्या वेळी स्वतःच करायचं असल्यासारखा.

सलका तोवर स्ट्रेचरवर बसलेली.
गादी दाबून पाहिली, दिव्याची कळ
चालू केली, बंद केली, परत चालू केली.
कुठं नेताय हिला?
मी दक्षिणेकडे हात केला.
तिनं मान हलवली, उत्तरेकडे बोट दाखवलं:
दवाखाना नव्वद किलोमीटर.
धाकटी माझी ट्रकमध्ये झाली,
मासळीच्या बर्फाशेजारी.

तक्रार नव्हती ती.
पाहुण्याला सांगावं तसं सांगितलं तिनं,
विहीर कुठं, बाजार कुठल्या दिवशी.
मला काहीतरी बोलायचं होतं.
पण तिच्याशी बोलायला माझ्याजवळ फ्रेंच फक्त
रस्ता, डिझेल आणि धन्यवादापुरती.
धन्यवाद म्हणाले.
ती जरा गोंधळली, मग हसून निघून गेली.

संध्याकाळी सीदाती एकटाच परत आला,
पट्टी केव्हाच काळी, दुसऱ्या हातात दोन मासे.
ठेवले आणि पळाला.
डेनझिलनं लिंबू नाही म्हणून कुरकुर केली
आणि काट्यांसकट चाटूनपुसून खाल्ले.

रात्री टॉर्चच्या उजेडात यादी काढली.
गॉज, पाकिटं: दोनशे.
खोडून एकशे नव्याण्णव लिहिलं.
'कारण' या रकान्यात जे लिहायचं होतं
ते मावेना.
'वापरलं' एवढंच लिहिलं.

सकाळी किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म.
मागचा दिवा रात्रभर जळत राहिलेला,
बॅटरी पार उतरलेली.
डेनझिलनं शिवी हासडली, मी हसले,
बऱ्याच दिवसांनी, पोट धरून.

मग कड्यावरून माणसं आली, न बोलावता.
चार कोळी, एक म्हातारा, काही पोरं,
एका हातानं रेटणारा सीदाती.
आणि सगळ्यांत मागे, बरोबर मधोमध,
दोन्ही तळवे दारावर टेकवून सलका.

आरशात दिसत होती.
सगळ्यांत जास्त जोर तिचाच होता.