कडेची बटनं

"शेवटची कधी घसरलीस?"
याकूबचाचा होडेकरांनी मान वर न करता विचारलं.
मी म्हटलं, घसरले नाही.
"बरं. मग शेवटची वाचलीस कधी?"

जामसंड्याच्या उतारावर त्यांचं दुकान,
पत्र्याला टेकलेले टायर, टपात काळं पाणी,
आणि स्टँडवर चढवलेली माझी गाडी,
पोटापर्यंत जांभ्याच्या लाल धुळीनं माखलेली.
मागचं चाक त्यांनी हातानं सावकाश फिरवलं,
तांदळातले खडे बघावेत तसं.

मधली बटनं अजून उंच होती. मी तीच दाखवली.
"मध्ये काय बघतेस? मध्ये सगळ्यांचंच बरं दिसतं.
कडेला बघ."
कडेच्या बटनाला त्यांनी अंगठ्यानं रेटलं,
ते मुळापाशी उघडलं,
केसाएवढी चीर, आत लाल माती.
धारा गोल झालेल्या,
चोखून संपत आलेल्या गोळीसारख्या.
दोन जागी तर बटनच नव्हतं.
ती दोन कुठे पडली असतील, मला ठाऊक होतं.

सड्यावरची बंद चिरेखाण.
पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेली, तळाला हिरवं पाणी.
रविवारी आम्ही तिथे गाड्या उडवतो,
मी, निकेत घाडी आणि त्याची मेहुणी.
तिसऱ्या पायरीवर, वळताना,
मागचं चाक वीतभर पाण्याकडे गेलं
आणि परत आलं.
एवढंच. वीतभर.
मी बराच वेळ हेल्मेट काढलं नाही.
शेवाळाला दोष दिला,
मग हवेला; दोन पौंड कमी केली.
मग सस्पेन्शनला.
निकेतला तर सांगितलंच नाही.
घरी येऊन टायर काढला, उलटा घातला,
झिजलेली धार मागे, कोरी पुढे.
त्यावर दोन महिने काढले. अभिमानानं काढले.

"मागचा बोलतो तरी," चाचा म्हणाले,
"नुसता फिरतो, ओरडतो, शेपूट हलवतो.
पुढचा मुका.
जाईल तेव्हा एकदाच जाईल."
मग फडक्यानं टायरची बाजू पुसली,
लाल निघून काळं आलं, काळ्यावर चार आकडे.
"वाच."
तेवीस एकोणीस.
"तेविसावा आठवडा, साल एकोणीस."

मी कॅनिंगमध्ये कामाला.
मे महिन्यात हापूसच्या रसाचे डबे पट्ट्यावरून येतात
आणि मी तळाशी तारीख मारते:
अमुक महिन्यापूर्वी वापरावे.
दिवसाला चार हजार डबे. एकाचीही चुकलेली नाही.
आणि हे चार आकडे माझ्या टाचेपासून हातभर,
इतकी वर्षं.

"ही बनल्याची," चाचा म्हणाले.
"संपल्याची कारखाना छापत नाही."
अंगठ्याची माती पँटला पुसली.

साडेतीन हजार म्हणाले. मी तीन म्हटलं.
बत्तीसशेवर मागचा ठरला,
पुढच्याला दिवाळीपर्यंत उधारी,
"पण तोवर पाण्याकडची पायरी नको."

नव्याला रबराची लव होती,
कुयरीच्या काट्यांसारखी, बोटाला गुदगुल्या करणारी.
जुना खांद्यात अडकवून निघाले
तर मागून ओरडले,
"पहिले पन्नास किलोमीटर जपून! नवाही घसरतो!"
उतारावर मी ब्रेक दाबून पाहिला, उगाच.
मग डांबर सोडून मातीत घातली,
थांबले, वळून बघितलं.
ठशात कडेची बटनंही उमटली होती,
एकेक, मोजता येतील अशी.

जेटीवर राजनमामाला होडीला लटकवायला टायर हवाच होता.
त्यानं भोक पाडलं, दोरी ओवली,
मग हातात धरून उलटसुलट बघत राहिला,
मधोमध बोट फिरवलं, आणि म्हणाला,
"गो, बरो आसा की अजून.
काढलंस कित्याक?"