ठोक

चांदीच्या रंगाची बाटली ड्रॉवरमध्ये मागे ढकलली.
पोलाद रंगवायचं तर चांदी लावायची नाही,
एवढं कळायला मला दोन हिवाळे लागले.
काळ्यात थोडा निळा, राखाडीत चमचाभर माती
(चमचा कसला, ब्रशच्या तीन केसांवर मावेल एवढी)
आणि शेवटी एकच ठिपका पांढरा,
श्वास रोखून.

स्वार वीतभरही नाही. रेझिनचा अर्धपुतळा.
खांद्यावर कड्यांची जाळी,
छातीला आरशासारखा पत्रा.
धातूला स्वतःचा रंग नसतो,
तो समोर असेल त्याचा घेतो.
म्हणून माझ्या टेबलासमोर जे होतं तेच त्याच्या छातीवर आलं:
ट्यूबलाइटची पट्टी,
समोरच्या गच्चीत वाळणारं केशरी पातळ,
आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या बरगडीवर
पाचशे लिटरची निळी टाकी.
कुणाला ओळखू येत नाही. नुसतं चकाकतं.

रविवारी डब्यात कापूस घालून
त्याला तांबट आळीत नेलं.
रमाकांत पोटफोडे घंगाळ मठारत बसलेले,
हातोडी लयीत, बोलणं मधल्या फटीत.
कपाळावरचा चष्मा खाली आला.
पुतळा त्यांनी उजेडाकडे नाही,
सावलीकडे फिरवला.
"झकास आहे." ठक्.
"पण हे ठोकलंय कुणी?" ठक्.
"का झाडाला लागलं?"

तलवारीचे ओरखडे होते,
पट्ट्याखाली गंज होता, विटकरी, कडेला जांभळट.
लढाई सगळी होती.
लोहार नव्हता.

त्यांनी घंगाळ तिरपं धरलं.
प्रत्येक खळीत एकेक दार उघडं,
दारात एकेक रस्ता, रस्त्यात मी, उलटा.
"एकाचा ठोक दुसऱ्यासारखा नसतो.
आमच्या वडलांचा डावीकडे झुकायचा.
मोडीत आलेला हंडा बघून अजून सांगतो,
हा त्यांचा."

घरी येऊन छाती पुन्हा काळी केली.
अकरा रात्री लागल्या.
टाकी फुटून शंभर थेंब झाले,
पातळाच्या चिंध्या झाल्या केशरी,
प्रत्येक खळीला वरून सावली, खालून उजेड.
सगळ्या खळ्या उजवीकडे किंचित घसरल्या.
हात कापतो हल्ली.
दुरुस्त करायला गेलो,
मग राहू दिलं.

पुन्हा आळीत.
या वेळी ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग छातीवर नखाने टिचकी मारली.
टप.
"दिसायला पोलाद," ते हसले,
"बोलायला साबण!"

आणि पुतळा ऐरणीच्या कडेला ठेवून
घंगाळाकडे वळले.
ठक्. स्वार हलला.
ठक्. छातीवरचे सगळे थेंब हलले.
पडेल म्हणून हात पुढे केला होता मी.
तसाच धरून बसलो.